कितीवर आहे?

माझ्या सायकलच्या हँडलवर शून्य ते पाच असे आकडे उमटतात, आणि त्यांतला कोणता चालू आहे याची चौकशी करण्याचा हक्क आमच्या सोसायटीत सर्वांना आहे. गेटवरचा वॉचमन, लिफ्टमधले शेजारी, कोपऱ्यावरची भाजीवाली, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच : "कितीवर आहे?" मी "दोनवर" म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर माफक आदर दिसतो. "चारवर" म्हटलं की "म्हणजे मग गाडीच की!" असं म्हणून तो भाजीकडे वळतो. पाच हा आकडा मी अजून कोणापाशी उच्चारलेला नाही.

पेडल असिस्ट हा प्रकार तसा सरळ आहे. पेडल आपण मारायचं, मागच्या चाकातली मोटर हातभार लावणार, आणि हातभार किती ते हे आकडे ठरवणार. शून्यावर मोटर झोपलेली असते आणि वीस-बावीस किलोचं धूड आपल्यालाच ओढावं लागतं. पाचवर पाय फक्त फिरवायचे, बाकी ती बघते. मोटर २५० वॉटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल, तर आपला कायदा असल्या सायकलला मोटार वाहन समजत नाही. लायसन नको, नंबरप्लेट नको. कायद्याचा प्रश्न असा चटकन सुटला. राहिला तो कोथरूडचा.

कारण आम्हा मध्यमवर्गीय माणसांना मदत घेता येत नाही. घर बदलताना आम्ही टेम्पो सांगतो, दोन माणसं सांगतो, आणि टेबलफॅन मात्र रिक्षात मांडीवर घेऊन बसतो. असल्या माणसाच्या अंगठ्याखाली तुम्ही मदत कमी-जास्त करायचं बटण दिलंत, तर त्याने करायचं काय? एक हा स्वाभिमानाचा आकडा. दोन संसारी माणसाचा. तीन डॉक्टरांनी गुडघ्याचा एक्स-रे बघून सांगितल्यासारखा. चार फक्त समोर चढ असताना, आणि तोही आजूबाजूला ओळखीचं कोणी नसेल तर.

जपानी लोकांनी यावर चांगला तोडगा काढला. यामाहाने १९९३ साली असल्या सायकली तिथे विकायला काढल्या. तिथल्या कायद्यात मदतीचं प्रमाणच लिहून ठेवलेलं आहे. ताशी १० किलोमीटरपर्यंत माणसाच्या जोराच्या जास्तीत जास्त दुप्पट जोर मोटरने लावायचा, पुढे तो कमी कमी करत न्यायचा आणि २४ला हात काढून घ्यायचा. दुसऱ्याला किती मदत करावी आणि कधी थांबावं, हे इतक्या स्वच्छपणे आकड्यांत मांडलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. आपल्याकडे निदान सासरे आणि जावई यांच्यापुरता तरी असा कायदा व्हायला हरकत नव्हती.

माझ्या सायकलीत ही मोजदाद होत नाही. तिच्यातला सेन्सर स्वस्तातला. पेडलच्या आसापाशी बारीक चुंबकं बसवलेली एक चकती असते, ती फिरली की मोटरला वर्दी जाते. पाय फिरताहेत एवढंच तिला कळतं, जोर किती लावला ते कळत नाही. त्यामुळे चार नंबरवर बसलेला माणूस म्हणजे लग्नाच्या पंगतीत रिकामं वाढपाचं भांडं घेऊन फिरणारा पाहुणा असतो. फिरतोय ना, मग कामातच आहे! पायाला पेडल लागतसुद्धा नाही, तरी सायकल धावत असते, आणि फूटपाथवरून बघणाऱ्याला वाटतं, काय दम आहे गृहस्थांचा! ही चकती थोडी मंदही असते. पेडल मारल्यावर अर्ध्या फेऱ्याने तिच्या लक्षात येतं आणि पाय थांबवल्यावरही ती क्षणभर ढकलत राहते. म्हणून ब्रेकच्या दांडीत मोटर तोडणारा स्विच दिलेला असतो. सिग्नल सुटताना पाचवर असाल तर दोन बोटं ब्रेकवर असलेली बरी, नाहीतर पुढच्या रिक्षाशी उगाच ओळख होते.

महागातल्या सायकलींत पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर असतो. आमचा पुतण्या म्युनिकमध्ये तसली चालवतो. तिच्यावर आकडे नाहीतच. इको, टूर, स्पोर्ट, टर्बो अशी नावं आहेत. "काका, मी बहुतेक टूरवरच असतो," तो व्हिडिओ कॉलवर सांगतो. टूरवर असतो म्हणे! मी तीनवर असतो म्हणालो की म्हातारा झालो, आणि हा टूरवर.

आमच्या वडिलांच्या काळी व्यवहार उलटा होता. मागच्या चाकाला डायनॅमो चिकटवायचा, मग पेडल जड व्हायचं, आणि त्या जास्तीच्या कष्टातून तीन वॉटचा मिणमिणता दिवा लागायचा. तोही रस्ता दिसावा म्हणून नव्हे, पुलापलीकडे उभ्या असलेल्या हवालदाराला आपण दिसावं म्हणून. सायकलीला वीज पुरवणाऱ्या पिढीच्या मुलाने सायकलीकडून वीज घ्यावी, हा अधःपात वडिलांना सहन झाला नसता. डायनॅमो हवालदार दिसेपर्यंत न लावण्याची युक्ती मात्र त्यांनीच आम्हाला शिकवली.

काटकसरीचं आमचं डोकं या सायकलवर कुठे चालतं, ते बघण्यासारखं आहे. माझी बॅटरी ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची, म्हणजे ३६० वॉट-तास. पूर्ण भरायला अर्धं युनिटसुद्धा वीज लागत नाही. ते वाचवायला माणूस काय काय करतो! पौड रोडच्या सपाटीला तो वारा खात चारवर सुटतो आणि चांदणी चौकाचा चढ लागला की त्याला एकदम स्वाभिमान आठवतो. आकडा खाली, गिअर तसाच वरचा, वेग सातावर, दात आवळलेले. हिशेब नेमका उलटा आहे. सपाटीवर खरी भूक हवेची असते. १८वरून २५च्या वेगावर गेलं की हवा कापायला अडीचपटीहून जास्त ताकद लागते. चढाचं देणं ठरलेलं : मी आणि सायकल मिळून शंभर किलो, शंभर मीटर वर न्यायचे तर सुमारे २७ वॉट-तास, वर मोटरची गळती. ते कोणीतरी भरायचंच. चाकातली मोटर फार हळू फिरली तर वीज ओढते आणि नुसती तापते. तेव्हा उदार व्हायचं ते चढावर, गिअर आधी हलका करून, पाय भराभर फिरवत. चिक्कूपणा सपाटीवर करावा.

आमच्या घरी हे पदार्थविज्ञान न शिकता फक्त बायकोला येतं. ती सपाटीला एकवर गप्पा मारत चालवते आणि चढ आला की न बघता प्लसचं बटण दाबून पुढे निघून जाते. "अगं, थेट पाच?" मी मागून ओरडतो. "अहो, चढ आहे. बटण कशाला दिलंय मग?" तिला कोणी कितीवर आहे असं विचारत नाही, आणि विचारलं तर ती "पाच" असं स्वच्छ सांगते.

"किती देते?" हाही प्रश्न असतोच. गाडी पेट्रोलवर चालो की विजेवर, हा प्रश्न चुकत नाही. खरं उत्तर असं, की एकवर जेवढी देते त्याच्या निम्मीसुद्धा पाचवर देईल याची खात्री नाही, शिवाय वजन, वारा आणि टायरमधली हवा. इतकं ऐकायला कोणी थांबत नाही. आता मी "चाळीस" म्हणतो. चाळीसला सगळे मान डोलावतात.

समोरच्या ब्लॉकमधले अण्णा तेवढे डोलावत नसत. त्यांचं वय सत्तरीच्या पुढे, आणि तरुणपणी त्यांनी हर्क्युलसवरून, कॅरिअरवर पत्नी आणि दांडीवर मुलगा बसवून, पर्वतीपर्यंत मजल मारलेली. "मोटर लावून सायकल? मग व्यायाम कसला?" एका रविवारी बटणाला हात न लावण्याच्या अटीवर ते चक्कर मारायला तयार झाले. शून्यावर गेटपर्यंत गेले, थांबले, पुटपुटले, "जड आहे हो." मग पाठमोऱ्या अण्णांचा अंगठा हलताना दिसला, आणि सायकल कोपऱ्यावरून नाहीशी झाली.

परतले तेव्हा बॅटरीच्या खुणांपैकी एकच उरली होती आणि कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

"ठीक आहे," ते म्हणाले. "पाचवर जरा कमी ओढते. सहा नाही का?"

मी म्हटलं, "अण्णा, आत सेटिंगमध्ये तीन, पाच, नऊ, हव्या तेवढ्या पायऱ्या करता येतात. पण नऊवरही ताकद तेवढीच. तीच भाकरी, फक्त तुकडे जास्त."

अण्णांनी क्षणभर विचार केला.

"मग नऊच करून ठेवा," ते म्हणाले. "पैसे तेवढेच ना?"