परत येण्याचा पुरावा

अमेरिकेच्या १९५२ सालच्या इमिग्रेशन कायद्यात २१४ (बी) असं एक कलम आहे. शिकायला येतो म्हणणारा माणूस खरं तर कायमचा राहायलाच येतोय, असं व्हिसा अधिकाऱ्याने धरून चालायचं. तसं नाही हे अर्जदाराने पटवायचं. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ मंडळींचंही कैक वर्षं हेच मत आहे, फक्त त्यांनी त्याला नंबर दिलेला नाही.

भाचीचं अमेरिकन विद्यापीठाकडून प्रवेशाचं आय-ट्वेंटी आलं, सेविस नोंदणीचे ३५० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ भरून झाले, चष्मा काढून चौकोनी फोटो निघाला आणि ताई-भाऊजी पुराव्यांच्या मागे लागले. पैसे आहेत हे दाखवायचं, शिवाय मुलीला इकडे ओढून आणणारं काहीतरी आहे हेही. 'आमचं काय, महिन्याचं महिन्याला भागतं' असं नातेवाइकांत जन्मभर सांगत आलेल्या भाऊजींना सीएकडून आपल्या श्रीमंतीचा दाखला घ्यावा लागला. लोकलमध्ये 'एक ग्रॅमच्या आहेत गं' म्हणून खपवलेल्या ताईच्या पाटल्या सराफाच्या काट्यावर खऱ्या ठरल्या. गावच्या सातबाऱ्यावर मात्र डझनभर नावं, त्यात बांधावरून चुलतभावाशी दावा. भाऊजींना तो कागद लपवावासा वाटत होता. माझ्या मते फाइलीतला सगळ्यात भक्कम पुरावा तोच. जमिनीचा दावा चालू असलेला कोकणी माणूस जगात कुठेही असो, तारखेला हजर होतो.

१८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती. मुलाखत मात्र त्यांनाही चुकली नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात जमलेल्या लोकांपुढे उभं राहून, अमेरिकेलाच का, एकटीच का, अशा शंकांना त्यांनी इंग्रजीतून एकेक करून उत्तरं दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असंही सांगितलं. वय अठराच्या आत! परत येण्याची हमी तेव्हा आपल्याच माणसांना हवी होती. आता ती व्हिसाच्या खिडकीपलीकडच्यांना लागते, आणि आपली माणसं शिक्षणानंतर तिकडे नोकरी करायची ओपीटीची तीन वर्षं पदरात पडतील ना, याची चौकशी करतात.

घरी रंगीत तालीम झाली. आत्या अधिकारी झाल्या. "शिक्षण संपल्यावर काय करणार?" भाचीने भारतात परतून काय काय करणार ते न अडखळता सांगितलं. सगळे खूश. आत्यांनी त्याच दमात विचारलं, "छान! आणि तो नोकरीचा एचवन साधारण कधी मिळतो गं?"

प्रत्यक्षात बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी दोन-तीन मिनिटं. हेच विद्यापीठ का, खर्च कोण करणार, वडील काय करतात. व्हिसा मिळाला. फाइल उघडलीच गेली नाही. भाऊजी जरा हिरमुसले. इतके दिवस लपवायचा होता तो सातबारा निदान बघायला तरी हवा होता, असं त्यांचं म्हणणं.

पण फाइल कुणीच वाचली नाही असं नाही. ताईने वाचली. भाऊजींची एक मुदत ठेव तिला सीएच्या दाखल्यात पहिल्यांदाच भेटली, आणि ती मुलाखत काही दोन-तीन मिनिटांत आटोपली नाही.