मामाचे पार्श्वसंगीत

निवृत्त माणसाच्या हाती दोन विषयांची पुस्तकं पडू देऊ नयेत. एक आयुर्वेद, दुसरा संगीत. पनवेलकराला आयुर्वेदाचं तितकं भय नाही. धूतपापेश्वरचा कारखाना १८७२ पासून गावात असल्यामुळे इथे जो तो जन्मतःच अर्धा वैद्य असतो. संगीताची लस मात्र आम्हाला कोणी टोचलेली नाही. डॉ. अशोक रानडे यांचं हिंदी चित्रपटगीतावरचं इंग्रजी पुस्तक माझ्या हाती आलं, आणि त्यानंतर आमच्या घरात कोणी सुखाने सिनेमा पाहिला नाही.

रानडे मोठा माणूस. गजाननबुवा जोशींकडे गाणं शिकलेला, मुंबई विद्यापीठात संगीताचं केंद्र उभं करणारा. त्यांनी आदिम संगीत, लोकसंगीत, कलासंगीत, जनसंगीत अशा कोटी लावल्या, आणि सिनेमाच्या गाण्याला नाक न मुरडता त्याच्या हक्काची पंगत दिली. मी त्यातलं एवढंच उचललं, की टीव्हीवर गाणं लागलं की घरच्यांना विचारायचं, "सांगा बघू, ही कुठली कोटी?"

"गवार मोडायची," ही म्हणाली आणि परात पुढ्यात सरकवली.

इथवर निभावलं असतं. पण मग मी केशवराव भोळे वाचले. 'एकलव्य' या नावाने गवयांवर लिहिणारे केशवराव पुढे 'प्रभात' फिल्म कंपनीचे संगीत दिग्दर्शक झाले. टीकाकाराने स्वतः चाली लावायला बसावं, ही हिंमत आजच्या टीकाकारांनी बघून ठेवावी. १९३६ च्या 'संत तुकाराम'चं संगीत त्यांचंच. त्यातला शांताराम आठवले यांनी लिहिलेला अभंग भल्याभल्यांना तुकोबांचाच वाटला. पण माझं डोकं फिरवलं ते १९३७ च्या 'कुंकू'ने. दिग्दर्शक व्ही. शांताराम यांनी त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. फक्त घरातले, रस्त्यातले खरे आवाज. म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातलं ते घड्याळ टिकटिकतं आणि आपल्या पोटात कालवतं. इथे रडा, असं सांगायला एक व्हायोलिन येत नाही.

नेमकं त्याच सुमारास भाचीचं लग्न निघालं.

हल्ली लग्नाचा 'सिनेमॅटिक' व्हिडिओ करतात. नवरी संथ गतीने जिना उतरते, ड्रोन वर जाऊन हॉलच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या दाखवतो, आणि या सगळ्यावर पहिल्यापासून शेवटपर्यंत हिंदी गाणी सारवलेली असतात. मी जाहीर केलं, आपला व्हिडिओ 'कुंकू'च्या धर्तीवर होईल.

"तू मामा आहेस. मुलीला बोहल्यावर आण आणि मागे गप्प उभा राहा," ताई म्हणाली. पण भाचीला कल्पना आवडली. तिला सगळ्याच कल्पना आवडत होत्या. लग्न ठरलं होतं ना.

एडिटरचं दुकान मोबाइल कव्हरवाल्याच्या माळ्यावर. पोरगा पंचविशीचा. "म्युझिक काढलं तर राहतं काय, काका?"

"नैसर्गिक ध्वनी."

"म्हणजे पंखा?" त्याने हेडफोन गळ्यात घेतला आणि मला समजावलं, "काका, म्युझिक ऐकायला नसतंच. झाकायला असतं."

क्लॉडिया गोर्बमन या अमेरिकन विदुषीने १९८७ मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. चित्रपटाचं संगीत प्रेक्षकाच्या ध्यानात येऊ नये, त्याने तुकड्यांचे सांधे बुजवावेत आणि काय वाटून घ्यायचं ते गुपचूप सांगावं, असं तिचं म्हणणं. ते या पोराने कटिंग चहा संपायच्या आत सांगितलं. मला वाटलं, कामचुकारपणा करतोय.

व्हिडिओ बघायला ताईकडे दोन्ही घरं जमली. व्याही पेणहून आले होते, येताना पोह्याच्या पापडांचा भलाथोरला डबा घेऊन. एडिटरला मीच कौतुकाने बोलावलं होतं. हळदीचा भाग झकास झाला. बांगड्या किणकिणल्या, मागून एसटी स्टँडवर अलिबाग गाडी लागल्याची घोषणा ऐकू आली. मी सगळ्यांकडे विजयी नजरेने पाहिलं.

मग सीमांतपूजन आलं. पडद्यावर विहीणबाई हसतमुखाने ओटी घेत होत्या, आणि त्यांच्याच बाजूचा एक आवाज स्पष्ट म्हणाला, "साडी दिली आहे खरी, पण पोत बघितलात?" ताईने माझ्याकडे बघितलं. तेवढ्यात व्हिडिओतच, चौकटीबाहेरून भाऊजींचा आवाज आला. ते कोणाला तरी सांगत होते, "पेणची माणसं हो. पापडासारखीच. तळल्याशिवाय फुलत नाहीत."

डबा टीपॉयवर, टीव्हीच्या बरोबर समोर होता. भाऊजींनी तो हळूच खाली ठेवला. तेवढ्याने काही भागलं नाही.

पुढे अंतरपाट. दोन मंगलाष्टकांच्या मधल्या फटीत गुरुजी फोनवर कोणाला तरी "खारघरला निघालोच" म्हणत होते. त्याचं काही नाही, गुरुजींनाही पोट आहे. पण या सगळ्याच्या खाली एक संथ, अखंड घरघर चालू होती. मी एडिटरला म्हटलं, "पंखा काढता आला नाही का रे?"

"पंखा नाही काका. तुम्ही."

त्याने कॉलर माइक नवरदेवाच्या शेरवानीला लावला होता, आणि मी अंतरपाटापासून हातभर अंतरावर. आवाज वाढवल्यावर शब्द लागले. मुलाच्या मामांना मी सांगत होतो, की पार्श्वसंगीत म्हणजे मुळात प्रेक्षकावरचा अविश्वास. पाचही मंगलाष्टकं सांगत होतो. शेवटी हिचा आवाज, "अहो, सावधान झालं! अक्षता टाका!"

तरी पाठवणीच्या वेळी मला राहवलं नाही. भाची ताईच्या गळ्यात पडून रडत होती आणि शेजारच्या हॉलच्या वरातीचा बँड दणकून नाचाचं गाणं वाजवत होता. समोर दुःख आणि संगीताला त्याचं सोयरसुतक नाही, हा परिणाम मिशेल शियों या फ्रेंच अभ्यासकाने नाव देऊन मांडला आहे. मी ताडकन उठलो. "हेच ते! शियों!" ताई डोळे पुसत होती. ती थांबली आणि म्हणाली, "खाली बस."

आठवडाभरात पोराने सगळ्यावर गाणी चढवली, वरचे पैसे घेऊन. माझ्या घरघरीवर त्याने सनईचे दोन हात दिले आहेत. बिनसंगीताची प्रत फक्त व्याह्यांच्या आईंनी मागून घेतली. त्यांना कमी ऐकू येतं. लग्नात कोण काय बोललं ते त्यांना आता कुठे कळतंय, आणि त्या सुनेकडून रोज आवाज वाढवून घेतात.

व्याह्यांच्या धाकट्याचं लग्न पुढच्या मोसमात आहे. आमंत्रण आलं, आणि मी नवरदेवापासून लांब बसावं असा प्रेमळ निरोपही. माइक या वेळी गुरुजींना लावणार आहेत म्हणे. गुरुजींचा नंबर मी मिळवला आहे.