अर्धराक्षसांस वर्धा जिल्ह्यात वास्तव्य करावयाचे असल्यास

मातृकुळाकडून अथवा पितृकुळाकडून राक्षसी अंश लाभलेल्या ज्या गृहस्थांना मनुष्यवस्तीत कायमचे बिऱ्हाड करावयाचे आहे, त्यांनी इतर मुलूख धुंडाळण्यात कालहरण न करता थेट वर्धा जिल्ह्यातील सेलू तालुक्यात मौजे केळझर येथे यावे, अशी आमची शिफारस आहे. कारण लोकपरंपरेनुसार हे गाव म्हणजेच महाभारतातील एकचक्रानगरी असून, राक्षसांच्या पुनर्वसनाचा याहून जुना दाखला आमच्या तरी पाहण्यात नाही.

बकासुर येथलाच. त्याच्या नावाने आजवर पोरांना भिववण्यात आले. तथापि आदिपर्व लक्षपूर्वक वाचणाऱ्यास असे आढळेल की, दुबळ्या राजाच्या त्या मुलखाचे परचक्रापासून रक्षण करण्याची कामगिरी बकासुराकडेच होती, आणि गाडाभर भात, दोन रेडे व तो गाडा घेऊन येणारा मनुष्य, हे घरोघरच्या पाळीने पोहोचणारे त्याचे ठरीव वेतन होते. हे वेतन वाजवी होते की नाही हा वाद बाजूस ठेवला, तरी कापूस, ज्वारी आणि तुरीच्या या जिल्ह्यात गाडाभर तांदूळ मागणे व्यवहारास धरून नाही, एवढे नवागताने ध्यानी घ्यावे. कोणी गोळाभाताचे आमंत्रण दिल्यास संकोच करू नये; मात्र वाढणाऱ्या गृहिणीची गणना वाढलेल्या जिनसांत करू नये.

भीमाने बकासुराला मारले हे सर्वश्रुत आहे. त्यापुढील हकीकत सांगणारे थोडे. भयभीत होऊन बाहेर आलेल्या बकाच्या आप्तेष्टांना भीमाने एकच अट घातली, की यापुढे मनुष्यहिंसा करावयाची नाही. त्यांनी ती कबूल केली, आणि तेव्हापासून त्या नगरातले राक्षस नागरिकांना सौम्य दिसू लागले, असे महाभारतकार नमूद करतात. ना कुळाची चौकशी, ना प्रायश्चित्त! हल्लीचे घरमालक भाडेकरूस याहून अधिक प्रश्न विचारतात.

अर्ध्यांची गोष्ट निराळी. घटोत्कच हा याच भीमाचा, हिडिंबेच्या पोटचा, पांडवांच्या मुलांत सर्वांत वडील. आजी कुंतीने ते वडीलपण तोंडाने मान्यही केले होते. पण वडीलपणाबरोबर वाटा आला नाही. स्मरण होताच हजर व्हावे, वनवासात थकलेल्या द्रौपदीला उचलून गंधमादनाकडे न्यावे, आणि अखेर रात्रीच्या युद्धात, अर्जुनासाठी राखून ठेवलेली कर्णाची अमोघ शक्ती स्वतःच्या छातीवर झेलावी, एवढेच त्याच्याकडे आले. तो पडल्यावर पांडव शोकाकुल झाले असता श्रीकृष्ण मात्र हर्षभरित झाला, आणि हा यज्ञांचा द्वेष्टा असल्यामुळे कर्णाने मारला नसता तर आपल्यालाच मारावा लागला असता, असे त्याने सांगून टाकले. सबब अर्जदाराने नात्यागोत्याचा रकाना कोरा ठेवून, स्वतःस पूर्ण राक्षस म्हणून नोंदवावे व बकाच्या आप्तांस मिळालेली अट मागून घ्यावी.

गांधीजींच्या वास्तव्यामुळे या जिल्ह्यात दारूबंदी आहे. मद्याची सवय असल्यास ती सरहद्दीवरच सोडून यावे. राक्षसांचे बळ रात्री वाढते हे खरे, परंतु तहसील कचेरी त्यापूर्वीच बंद होते. अर्ज घेऊन दिवसाउजेडी यावे, आणि साहेब दौऱ्यावर आहेत असे कारकुनाने सांगितल्यास मूळ रूप धारण करू नये.