पित्ताला आम्लाचा आहेर

छातीत जळजळतंय, घशाशी आंबट येतंय, म्हणून माणसाला सकाळी अनशापोटी चमचाभर आम्ल पाजायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यात प्रथम आली त्याचा जाहीर सत्कार व्हायला हवा. शाल, श्रीफळ आणि थंड दुधाचा पेला. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर आजवर कशावर एकमत झालेलं नाही. पाणीकपातीवर नाही, लिफ्टच्या वर्गणीवर नाही, सेक्रेटरीच्या स्वभावावर तर नाहीच नाही. ॲपल सायडर व्हिनेगरच्या बाटलीवर मात्र झालं.

बाटली तीन-चारशे रुपयांची. आत गढूळ, धाग्याधाग्यांचं काहीतरी तरंगत असतं आणि लेबलवर अभिमानानं छापलेलं असतं, ‘विथ मदर’. ही मदर म्हणजे सेल्युलोज आणि त्यात वस्ती करून राहिलेले जिवाणू. आमच्या आईला लोणच्याच्या बरणीत असलं काही दिसलं असतं तर बरणी त्याच दिवशी परसात रिकामी झाली असती आणि ओला चमचा कुणी घातला याची चौकशी रात्रीपर्यंत चालली असती. इथं त्याच गाळाचे जास्त पैसे पडतात.

कृती साधी आहे. सफरचंदाचा रस काढायचा. यीस्ट त्यातल्या साखरेची दारू करतं, मग जिवाणू त्या दारूचं ॲसिटिक ॲसिड करतात. रसावरच थांबलात तर ते अमेरिकेतलं सायडर. न्यू जर्सीतली आपली मंडळी ऑक्टोबरात सफरचंदं तोडायला मळ्यावर जातात तेव्हा हेच दालचिनी घालून गरमगरम पितात आणि सोबत तळलेले डोनट खातात. दारूवर थांबलात तर ते इंग्लंडमधलं सायडर. शेवटपर्यंत गेलात तर शिरका. रस मुळातच आंबट, आणि दारू जठराच्या तोंडची झडप सैल करते. घशाशी येणाऱ्या माणसाचं भलं यातल्या कुठल्याच टप्प्यावर दिसत नाही. कट्ट्यानं विचारपूर्वक तिसरा निवडला, सगळ्यांत आंबट.

निवडीमागं सिद्धांत आहे. चौथ्या मजल्यावरचे काका तो रोज सकाळी नव्या माणसाला समजावून सांगतात. “अहो, तुमचं ॲसिड वाढलेलं नाहीच. कमी झालंय! ते कमी पडतं म्हणून झडप नीट मिटत नाही. बाहेरून भर घाला, झडप आपोआप बंद.” इतक्या आत्मविश्वासानं सांगतात की ऐकणाऱ्याला आपल्या जठराची दया येते. बिचारं कमी आम्लात संसार रेटतंय.

प्रत्यक्षात प्रकार असा आहे. अन्ननलिका जठराला मिळते तिथं स्नायूंचं एक कडं असतं. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनचं जे काम, तेच त्याचं. येणाऱ्याला आत सोडायचं आणि आतल्याला उगाच बाहेर पडू द्यायचं नाही. हा वॉचमन अवेळी डुलकी काढतो तेव्हा जठरातलं आम्ल वर अन्ननलिकेत चढतं. जठराला आतून आम्ल सोसणारं अस्तर आहे, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून ती जळते. डुलकीची कारणंही ठाऊक आहेत. तडस लागेपर्यंत जेवण, जेवल्याजेवल्या आडवं होणं, पोटाचा घेर, सिगारेट, दारू, आणि काहींच्या बाबतीत हायटस हर्निया, म्हणजे जठराचाच थोडा भाग छाती-पोटामधल्या पडद्याच्या वर सरकलेला. आवारात माणसं किती आहेत हा प्रश्नच नाही, वॉचमन झोपलाय हा आहे. यावर कट्ट्याचा तोडगा असा की आवारात आणखी गर्दी करा, म्हणजे गोंगाटानं तो जागा होईल.

बरं, गर्दी तरी किती? व्हिनेगरात ॲसिटिक ॲसिड साधारण 5 टक्के. मोठा चमचा 15 मिलिलिटरचा. म्हणजे पाऊण ग्रॅम आम्ल, तेही पेलाभर कोमट पाण्यात. जठर स्वतः दिवसाला दीड-दोन लिटर पाचकरस तयार करतं, आणि तो हायड्रोक्लोरिक ॲसिडचा. रिकाम्या पोटी त्याचा पीएच 1 ते 2 च्या आसपास असतो, व्हिनेगरचा अडीच-तीन. पीएचच्या मापात एक अंक म्हणजे दहापट, तेव्हा हे आम्ल घरच्या आम्लापुढं अगदीच मवाळ. पोटातलं आम्ल वाढवायला तो चमचा कुचकामी. आधीच सोलवटलेल्या अन्ननलिकेवरून उतरताना तिला झोंबायला मात्र पुरेसा.

दुसरी अडचण औषधाच्या दुकानात आहे. 1988 मध्ये ओमेप्राझोल बाजारात आलं, मागून पँटोप्राझोल आणि त्याची भावंडं आली. या सगळ्या गोळ्या जठरातलं आम्ल कमी करतात. काकांचा सिद्धांत खरा असता तर या गोळ्या घेणारा प्रत्येक जण मध्यरात्री छाती धरून उठला असता. उलट बहुतेकांची जळजळ थांबते. हा मुद्दा मी कट्ट्यावर मांडून बघितला. क्षणभर शांतता पसरली आणि मग उत्तर आलं, “गोळ्या म्हणजे केमिकल असतं हो.” ॲसिटिक ॲसिड बहुधा पालेभाजीत मोडत असावं.

केमिकल संपलं की संस्कृत सुरू होतं. विषस्य विषमौषधम्. आणि पाठोपाठ पूर्वज. पूर्वजांना हे सगळं ठाऊक होतं म्हणे. त्यांना काय ठाऊक होतं ते त्यांनी लिहून ठेवलंय. हजाराहून अधिक वर्षांपूर्वीच्या माधवनिदानात आम्लपित्ताचं स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात कारणं सांगताना विरुद्ध अन्न, नासकं अन्न, दाह करणारं अन्न यांच्याबरोबर आंबटाचंही नाव घेतलेलं आहे. आंबट तिथं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं आहे. कट्ट्यानं त्याला परस्पर वैद्याच्या खुर्चीत बसवलं.

आता सफरचंदाला नावं ठेवताना आपला रातांबा पदराखाली लपवून चालणार नाही. कोकणातली आजी पित्त म्हटलं की आमसूल भिजत घालते, आणि आमसूल काही साखरेसारखं गोड नसतं. पण तिच्या डोळ्यांपुढचं पित्त बहुतेकदा अंगावर उठलेलं असतं, लाल गांधी येऊन खाज सुटते ते. घशाशी येणारं वेगळं. अर्धं डोकं दुखून उलटी झाली की ‘पित्त पडलं, आता बरं वाटेल’ म्हणतात ते आणखी वेगळं. आपण हे सगळं एकाच खात्यावर मांडतो आणि मग एकाचा उपाय दुसऱ्याला लावतो. गांधींवरचं आमसूल जळजळीला, जळजळीवरचं थंड दूध डोकेदुखीला. या खात्यात सफरचंदाच्या शिरक्याची भर पडली याचं म्हणूनच फार नवल वाटायला नको. कोकमानंही काहींची जळजळ वाढते, ज्याचं त्यानं बघावं. तरी आजीच्या बाजूनं एक सांगायला हवं. सोलकढी ती जेवणाबरोबर देते, त्यात नारळाचं दूध घालते, आणि वाटी पुढं करताना त्याला डिटॉक्स म्हणत नाही.

गोव्यात तर शिरका पिढ्यान् पिढ्या घरात आहे. माडाच्या सुरेपासून केलेला, घरच्या बाटलीतला. तो विंदालूत पडतो, सॉर्पोतेलमध्ये पडतो. तिथल्या कुठल्या आजीनं तो पहाटे कोमट पाण्यातून घेऊन सूर्यनमस्कार घातल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

तिकडं अमेरिकेत हे खूळ बरंच जुनं आहे. व्हरमाँटच्या डी. सी. जार्विस नावाच्या डॉक्टरनं 1958 मध्ये गावठी औषधांवर पुस्तक लिहून सायडर व्हिनेगर आणि मधाची महती गायली. पुस्तक धो धो खपलं. आपल्याकडं हे खूळ मोबाइलवरून आलं आणि येताना वजन घटवण्याचं आश्वासनही घेऊन आलं. 2024 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या समूहातल्या एका नियतकालिकात लेबनॉनमधल्या तरुणांवरचा अभ्यास छापून आला होता. रोज थोडं व्हिनेगर घ्या, वजन झरझर उतरेल, असा त्याचा निष्कर्ष. पुढं त्याची आकडेवारी तपासली तर ती इतकी संशयास्पद निघाली की 2025 मध्ये त्याच समूहानं तो मागे घेतला. पहिली बातमी आमच्या कट्ट्यावर त्याच आठवड्यात पोचली होती. दुसरी अजून वाटेत आहे.

जळजळीचं म्हणाल, तर व्हिनेगरनं ती थांबते असं दाखवणारी भक्कम चाचणी झालेलीच नाही. उलट बाजूनं थोडंफार हाती आहे. 2007 मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मधुमेहानं जठर सुस्त झालेल्या दहा रुग्णांना सायडर व्हिनेगर देऊन बघितलं. जठर रिकामं व्हायला आणखी वेळ लागू लागला. रुग्ण दहाच, त्यामुळे फार ताणू नये. पण पोटात अन्न जास्त वेळ बसलं की वर यायलाही त्याला जास्त वेळ मिळतो, आणि आमच्या कट्ट्यावर साखर नसलेला माणूस शोधावा लागतो. बाटली झोंबते म्हणून व्हिनेगरच्याच गोळ्या घेणारेही आहेत. 2005 मध्ये अमेरिकेतल्या आहारशास्त्राच्या एका नियतकालिकात अशा एका बाईंची हकिगत आली. गोळी घशात अडकली आणि पुढं सहा महिने गिळताना त्रास. मग संशोधकांनी आठ वेगवेगळ्या गोळ्या आणून तपासल्या. एकीतलं आम्ल दुसरीशी जुळेना, आणि आत सफरचंदाचा शिरका खरंच आहे का याचीच त्यांना शंका आली. दातांच्या एनॅमलचं सांगायलाच नको. काका हल्ली स्ट्रॉनं पितात. सकाळी साडेसहाला, माकडटोपी घालून, स्ट्रॉनं.

तरीही काकांना बरं वाटतं, आणि ते खोटं बोलत नाहीत. मी काकूंकडं चौकशी केली. बाटली आल्यापासून सकाळी उठल्याउठल्या लागणारे दोन कप चहा बंद झाले, कारण व्हिनेगरनंतर अर्धा तास काही घ्यायचं नाही असा व्हिडिओतला दंडक आहे. मुंबईच्या भाचीनं वजनाचं मनावर घ्यायला लावल्यामुळं रात्रीचे वडे गेले. पान तंबाखूसकट सुटलं. म्हणजे चहा गेला, वडे गेले, तंबाखू गेली आणि श्रेय मिळालं सफरचंदाला. काकूंचं म्हणणं, गेली तीस वर्षं त्या हेच सांगत होत्या. पण काकूंवर लेबल नाही.

खरी मेख इथंच आहे. या दुखण्यावरचे चांगले उपाय जवळजवळ सगळे काहीतरी सोडण्याचे आहेत, आणि सोडण्याची बाटली भरता येत नाही. झोपण्याआधी तीन तास जेवू नका. पोटाचा घेर कमी करा. पलंगाच्या उशाकडच्या दोन पायांखाली विटा घालून ती बाजू सहा-आठ इंच उचला. नुसत्या दोन उशा घेऊन काम होत नाही, त्यानं पोट आणखी दुमडतं. रात्री डाव्या कुशीवर झोपा. वीट पंधरा रुपयांच्या आत मिळते आणि तिच्यावर कुणी ‘हिमालयातील निवडक माती’ असं छापत नाही, म्हणून तिचा प्रचार होत नाही. शिवाय तिखट मिसळ, वर तर्री, वर ताक, वर मस्तानी असं झाल्यावर आपल्याला प्रायश्चित्त हवं असतं. ते झोंबलं पाहिजे, घेताना तोंड वाकडं झालं पाहिजे. विटेनं तोंड वाकडं होत नाही.

एक गोष्ट थट्टेत काढण्यासारखी नाही. गिळताना घास अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त दिसत असेल किंवा शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, तर बाटल्या बाजूला ठेवून दुर्बिणीची तपासणी करणाऱ्या डॉक्टरकडं जायचं. आणि छातीत दाब येऊन घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात सरकलं, तर ‘गॅस झालाय’ म्हणत ओवा चावत बसायचं नाही. आपल्याकडं हृदयविकाराचे कितीतरी झटके गॅसच्या नावाखाली घरीच थांबवून ठेवले जातात. तिथं व्हिनेगर आणि आमसूल दोघंही सारखेच निरुपयोगी.

शेवटी काकूंनी काकांना डॉक्टरकडं नेलंच. मला सोबत घेतलं, कारण काका डॉक्टरांना बोलू देणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. काकांनी झडप, आम्लाची टंचाई आणि मदर असं सगळं यथासांग मांडलं. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, रक्तदाब बघितला आणि विचारलं, “रात्री जेवता किती वाजता?”

काकांनी काकूंकडं पाहिलं. काकूंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

“ते जाऊ द्या हो डॉक्टर,” काका म्हणाले, “व्हिनेगर जेवणाआधी घेऊ की नंतर, तेवढं सांगा.”