बिऱ्हाडासकट रोह्याला

माणसाने स्वतःचे घर बरोबर घेऊन रायगड जिल्ह्यात येऊ नये. आलाच तर निदान सासुरवाडीच्या बाजूला फिरकू नये. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. वाहनात झोपायची सोय हवी, स्वयंपाकाची हवी, संडास हवा, सगळे त्यात आहे. अष्टमी गावात मावशी असल्यास काय करावे, याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

गाडी ड्रायव्हरसकट भाड्याने आणली ती मेव्हण्याने. फ्रान्स-जर्मनीत लोक नदीकाठी कॅराव्हॅन लावून, खुर्च्या मांडून, दिवसभर कोणाशी न बोलता कसे बसतात याचे व्हिडिओ त्याने रात्ररात्र पाहिले होते. "भाऊजी, कोणाच्या घरी उतरायचं नाही. कोणावर भार नको. पाण्याकडे बघत बसायचं." पाणी ठरले कुंडलिकेचे. एका काठाला रोहा, समोरच्या काठाला अष्टमी, आणि दोन्हींची मिळून एकच नगरपालिका, तीही एकोणिसाव्या शतकापासून. अष्टमीला मावशी राहते आणि रोह्यात तिचे धाकटे दीर, ही माहिती त्याला जन्मापासून होती. पण व्हिडिओत मावश्या नसतात.

जानेवारी सरत आला होता. मुंबई-गोवा महामार्गाच्या पळस्पे ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले. तेव्हा बालवाडीत असलेली मुले आता लायसन काढून त्याच रस्त्यावर 'वळण रस्ता' अशी पाटी वाचत गाडी चालवतात. चाकांवरच्या घराचा एक गुण तिथे कळला. खड्डा आला की घरातली सगळी कपाटे एकदम उघडतात. खारपाड्याचा पूल येईपर्यंत साखर आमच्या डोक्यावर होती, आणि बायको तिच्या भावाकडे ज्या नजरेने बघत होती ती मला एरवी राखीव असते.

पेणला थांबायचे कारण पोह्याचे पापड आणि मिरगुंडे. गाडी बाजारात शिरेना, म्हणून एका गणपतीच्या कारखान्यापुढे लावली. पेण आणि शेजारची हमरापूर, जोहे, कळवे ही गावे वर्षभर गणपतीच करतात. आपल्याकडे भाद्रपदात जी लगबग सुरू होते ती इथे तोवर संपलेली असते, कारण परदेशी जाणाऱ्या मूर्ती त्याच्या कितीतरी आधी बोटीवर चढतात. आत कच्च्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा होत्या. रंग नाही, डोळे नाहीत. डोळ्यांची आखणी शेवटी, आणि ती करणारा हात वेगळा. असे शेकडो गणपती एकाच वेळी तुमच्याकडे न बघता बसलेले असले की आपला आवाज आपोआप खाली येतो. मेव्हण्याचा आला नाही.

कारखान्याचे मालक मात्र आमच्याकडे न बघता गाडीकडे बघत होते. एक चक्कर मारून त्यांनी विचारले, "आतून उंची किती?"

मेव्हण्याने अभिमानाने सांगितली. मालकांनी आत डोकावून मनाशी आकडेमोड केली. "दीड फुटी शंभर सहज बसतील. पेंढा आमचा. तो पलंग तेवढा काढावा लागेल."

मेव्हण्याने ही पर्यटनाची गाडी असल्याचे समजावले. इथे चहा, इथे झोप, इथे अंघोळ. मालकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि ओटा काढल्यास अजून वीस बसतील असे सांगितले. पेणमध्ये चाकांवरच्या कुठल्याही वस्तूचे माप गणपतीतच घेतात, हे मला फार आवडले. निदान त्यांना ती गाडी कशाची ते नक्की कळले होते. पुढे कोणालाच कळले नाही.

वडखळ, नागोठणे, मग भिसे खिंडीची वळणे. खिंड उतरून अष्टमीच्या बाजूला नदीकाठी गाडी उभी केली, खुर्च्या मांडल्या, पाण्याकडे बघायला सुरुवात केली. पाच मिनिटांत एक आजी डोळ्यांवर हात धरून समोर उभ्या. "मोतीबिंदू आजच काढतात का नुस्ता तपासतात?" त्यांच्यामागे आणखी दोघे, एकाच्या हातात जुने रिपोर्ट. मेव्हणा नाही म्हणाला, तर आजींनी "मंग बॅंकेची हाय का?" असे विचारून पासबुक काढले.

ही बातमी मावशीपर्यंत जायला मोबाईल लागला नाही. ती स्वतःच आली. आधी गाडी बघितली, मग खुर्च्या, मग मला.

"जावईबापू, आमचं घर पडलं का?"

या प्रश्नाला कुठल्याही धोरणात उत्तर नाही. मेव्हणा पुटपुटला, "मावशी, भार नको म्हणून…" मावशी म्हणाली, "भार? रस्त्यात झोपलात तर गावात तोंड कुठे दाखवू?" तेवढ्यात पुलावरून तिचे दीर स्कूटरवर आले. त्यांची तक्रार निराळी: गाडी अष्टमीला का लावली? काठ बघायचा तर रोह्याचा बघावा.

"चिंतामणराव देशमुख कुठले? रोह्याचे. १९४३ साली रिझर्व्ह बॅंकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, पुढे देशाचे अर्थमंत्री. त्यांच्या गावात येऊन तुम्ही झोपायचं भाडं भरता, घरं असताना?"

"जन्म महाडकडे, नाते गावचा," मावशी म्हणाली.

"घराणं रोह्याचं ना? बरं, पांडुरंगशास्त्री आठवले तर रोह्यातच जन्मले, १९२० साली. आणि धावीर महाराजांच्या पालखीला दसऱ्यानंतर पोलीस बंदुकांसकट मानवंदना देतात. अष्टमीला देतात का?"

शेवटी तह झाला. जेवण अष्टमीला, पोपटी रोह्याला. जेवण ज्या काठाला, गाडी त्या काठाला. मेव्हण्याची कॅराव्हॅन त्या दिवशी युरोपभर फिरली नसती एवढी त्या एका पुलावरून फिरली.

पोपटीसाठी मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, ओवा, खडे मीठ, वर पुन्हा पाला गच्च कोंबायचा. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मडके उलटे ठेवून भोवती जाळ करायचा आणि अर्धा तास फक्त मते मांडायची. कोणाच्या मते पाला कमी, कोणाच्या मते जाळ जास्त. मडक्यावर पाणी शिंपडून ते चुर्र झाले की तज्ज्ञ गप्प बसतात. मेव्हण्याने गाडीतल्या इंडक्शनवर सूप करायची तयारी दाखवली, तेव्हा एका पोराने त्याच्याकडे ज्या दयेने पाहिले ती मोतीबिंदूवाल्या आजींनाही मिळाली नव्हती.

जाळाशेजारी दीरांनी नदीची गोष्ट सांगितली. जानेवारीतही कुंडलिकेला एवढे पाणी असते, कारण ते मूळचे तिचे नाहीच. ते मुळशीचे. आपल्या मर्जीने गेले असते तर मुळेतून भीमेला, भीमेतून कृष्णेला मिळून थेट बंगालच्या उपसागरात. टाटांनी धरण बांधून ते घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरावर आणले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी आणि सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तरी जमिनी बुडाल्या. १९२७ पासून ते पाणी वीज करून कुंडलिकेत उतरते. कोलाडला सकाळी राफ्टिंग चालते तेही वीजघर पाणी सोडेल तेव्हाच. "म्हणजे नदीसुद्धा ठरवून इकडे आलेली नाही," दीर म्हणाले, "आणि तुम्ही बेत घेऊन आलात."

रात्री मेव्हण्याने गाडीत झोपायचा हट्ट धरून पाहिला. मावशीने वाद घातला नाही. नुसत्या गाद्या घातल्या, ओटीवर, ओळीने. चाकांवरच्या घरात तेवढा ड्रायव्हर झोपला, वातानुकूलित, आणि सकाळी सर्वांत ताजातवाना तोच होता. त्याचे म्हणणे असे की कोलाडहून कोकण रेल्वे १९९९ पासून ट्रक मालगाडीवर चढवून गोव्याकडे नेते. आपणही ही गाडी रेल्वेवर चढवावी, म्हणजे त्याला आणखी झोपता येईल.

निघताना गाडीत तांदूळ, वाल, सुकट आणि मावशीची जाऊ होती. तिला नागोठण्याला सोडायचे होते. पुलावर पोचेपर्यंत आणखी तिघे बसले. पुढे रस्त्यात लोक हात दाखवू लागले, कारण गाडी मोठी, आत माणसे दिसतात, म्हणजे ती मिनिडोरच, जरा बऱ्या घरची. मेव्हणा आता बोलेनासा झाला होता. खिंडीच्या पायथ्याशी एका म्हातारीने पत्र्यावर थापटी मारून गाडी थांबवली, आत सगळे नीट न्याहाळले, पलंग, ओटा, पडदे, आणि पायरीवर एक पाय ठेवून विचारले,

"पेणचं किती घेता?"

"आजी, पैसे नाही घेत," मेव्हणा म्हणाला.

तिने पाय खाली घेतला. "पंच्याहत्तर झाली, एस्टीत मला पण फुकट हाय. आणि ती कुठं जाते ते पाटीवर लिवलेलं असतं."

आणि ती एस्टीची वाट बघत पुन्हा सावलीत जाऊन बसली.