काखेतली फाइल

"का वं, रात्री दोनपर्यंत तुह्या घरचा लाइट जळत होता. कोनी बिमार आहे का?"

काकूंच्या नजरेतून काही सुटत नाही. आमच्या दोन घरांमधली भिंत छातीएवढी, अन् तिच्यावर सकाळपासून काकूंचं सूप. सुपात अंबिया बहाराची संत्री. चांगली एकीकडे, डागाळलेली घरात खायला, अशी निवडानिवड चाललेली.

"बिमार कोनी नाई काकू. पोट्टी लॅपटॉपले बसली होती."

"परीक्षा आहे?"

"हाव. लॅपटॉपची."

मग पहिल्यापासून सांगावं लागलं. दिवाळीची झाडझूड करताना माळ्यावर माझ्या भावाचा लॅपटॉप सापडला. तो बोरगावच्या कंपनीत लागला तेव्हा, २०१६ साली, दहा हजारांच्या आतबाहेर घेतलेला. तेव्हा असे स्वस्त लॅपटॉप निघालेच होते. अकरा इंचाचा पडदा, दोन जीबी रॅम अन् हार्ड डिस्कच्या जागी ३२ जीबीची चिप. तीही बोर्डावर झाळलेली, काढून मोठी टाकायची सोय नाही. त्यात विंडोज बसलं की वर उरायचं काय? अपडेट आलं तर ठेवायला कोपरा नसायचा. त्यातून १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टच संपला.

"बारावीले पंचाहत्तर टक्के आले तर सरकार लॅपटॉपसाठी पंचवीस हजार टाकते न खात्यात? थांबली असती तेवढी."

"ते एमपी बोर्डाच्या बारावीले. हे आता अकरावीत आहे. अन् पंचाहत्तर पाडासाठीच लॅपटॉप पाह्यजे म्हनते."

"हे बी खरंच हाय."

तर पोरगी म्हणाली, लिनक्स टाकते. काकूंना वाटलं खोकल्याचं औषध. मी म्हटलं, विंडोजच्या जागी टाकायचं, पैसे लागत नाहीत, जुन्या यंत्राला झेपतं. पेनड्राइव्ह तयार केला, एफ-टू दाबून आतल्या मेन्यूत शिरली, सिक्युअर बूट बंद केलं. पेनड्राइव्हच दिसेना. तीन बदलले. एक तर शेजारचाच होता.

"तरीच! आमचा पोट्टा शोधून रायला दोन दिवसांपासून."

इतवारी ती गाडीनं नागपूरला गेली. एका दुकानदारानं झाकण न उघडताच सांगितलं, कबाड आहे, नवा घे. शंभरेक किलोमीटर जाऊन पोरगी एवढं ऐकून अन् तर्री-पोहे खाऊन परत आली. पोहे चांगले होते म्हणे.

पण लॅपटॉप कबाड नव्हता. यंत्राची कळ दाबली की सगळ्यात आधी उठतं ते फर्मवेअर, बोर्डातच भरलेलं. ते उठून बाकीच्यांना उठवतं. विंडोज काय, लिनक्स काय, सगळे त्याच्या मागून. "जशा तुमच्या घरी तुम्ही," असं म्हटल्यावर काकूंनी संत्रं खाली ठेवलं अन् नीट ऐकायला लागल्या. या लॅपटॉपचा प्रोसेसर ६४ बिटांचा, पण फर्मवेअर ३२ बिटांचं. दोन जीबीत भागावं म्हणून अशा यंत्रांत ३२ बिटांचं विंडोज टाकून देत, अन् त्याला खालचं फर्मवेअरही ३२ बिटांचंच लागतं. ते फर्मवेअर पेनड्राइव्हवर 'बूट-आयए-३२' नावाची फाइल शोधायचं. पोरीनं लिहिलेल्या पेनड्राइव्हवर होती 'बूट-एक्स-६४'. नाव जुळलं नाही की ते धरून चालायचं, पेनड्राइव्ह लावलेलाच नाही.

"म्हन्जे आपल्या जत्रेतली दगडांची गोटमारच की," काकू म्हणाल्या. "एक पांढुर्ण्याच्या काठावर, एक सावरगावच्या. मधात जाम नदी."

"अन् नदीतला झेंडा कोनाच्याच हाती नाई."

डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये दोन्ही नावांच्या फाइली निघाल्या. तो लावला अन् पडदा उजळला. पहिलाच प्रश्न भाषेचा. लांबलचक यादी, अन् तिच्यात मराठी. पोरगी किंचाळली, "आई, हे पाय!" मी हातातली कणिक तशीच घेऊन गेले. आपल्याकडे बँकेपासून तहसिलीपर्यंत कागद हिंदीत. ५ ऑक्टोबर २०२३ ला पांढुर्णा अन् सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, पाट्या नव्या आल्या, पाट्यांवरची भाषा काही बदलली नाही. त्यानं कोणाचं अडतही नाही, आपण सगळे दोन्ही बोलतो. पण माळ्यावरच्या धूळ खाल्लेल्या डब्यानं मराठीत 'पुढे' असं बटण दाखवलं, तेव्हा मी तिथंच टेकले. कणिक स्टुलाला लागली.

"मंग रात्री दोनपर्यंत काय करत होती?"

वायफाय. सगळं आलं, वायफाय नाही. केबलची खाच या लॅपटॉपला नाहीच. मोबाइल तारेनं जोडून त्याचं नेट यंत्राला दिलं, तेवढ्यावर काम ढकललं. काळ्या पडद्यावर एकच ओळ पुन्हा पुन्हा यायची: फाइल सापडत नाही. चिप ओळखली जाते, ड्रायव्हर आहे, पण एक छोटी फाइल नाही. तीच चिप वेगवेगळ्या कंपन्यांच्या बोर्डांवर बसते. अँटेना कसा, जोर किती, हे ज्या त्या बोर्डाचं वेगळं. ते आकडे त्या फाइलीत असतात.

"चष्म्यासारखं," मी म्हटलं. "काच सगळ्यांची काचच, नंबर ज्याचा त्याचा."

"मंग नंबर कोनापाशी?"

"त्या लॅपटॉपपाशीच! बनवनाऱ्यानं फर्मवेअरच्या पोटात ठेवून देला होता. हे दोन रात्री जगभर शोधून रायली. तिसऱ्या रात्री फर्मवेअरच्या कप्प्यात पाह्यलं, तर 'एनव्हीरॅम' नावानं फाइल तिथंच बसलेली. उचलून लिनक्सच्या फोल्डरात चिपच्या नावानं ठेवली, बंद करून चालू केलं, अन् सगळ्यात आधी काय दिसलं? तुमचं वायफाय."

"काखेत कळसा वं माय!"

"अन् वळसा नागपूरपर्यंत."

तरी संपलं नव्हतं. मधेच पडदा गोठायचा, बाण हलेना, बटण दाबून बंद करावं लागे. काम नसलं की प्रोसेसर झोपतो, अन् झोपेच्या पायऱ्या असतात. हा खालच्या पायरीवर गेला की परत यायचाच नाही.

"आमचे हे दुपारी तसेच. चहाचा वास आल्याबिगर डोळा उघडत नाई."

"याले वास नाई चालत. सुरू होतानाच्या ओळीत 'मॅक्स-सी-स्टेट एक' लिहून देलं. म्हन्जे डुलकी घे, पन गाढ झोपू नको. बॅटरी जरा लवकर उतरते आता."

काकूंनी आपल्या घराच्या खिडकीकडे पाहिलं. काका आत पेपर वाचत होते, किंवा पेपरमागे होते.

आवाज अजून नीट नाही. कानात वायर घातली तर गाणं ऐकू येतं, स्पीकर मुका. पोरगी म्हणते, तेही होईल, परीक्षेनंतर. मी म्हटलं, मुकाच राहू दे.

काकूंनी सूप झटकलं, चारपाच संत्री भिंतीवरून माझ्या पदरात टाकली. डागाळलेल्यांतली नव्हे, बरं का. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या बी दिवानाखाली एक पडलं आहे. सौंसरच्या भाच्यानं देल्तं. कळ दाबली की लाल लाइट लागते, बस."

"तो निस्ता चार्जरचा लाइट असन काकू."

"असू दे. संध्याकाळी पाठवजो तिले. अन् पेनड्राइव्ह आमचाच आनजो म्हना."