भावी

प्रत्येक तालुक्याला एक तहसीलदार, एक गटविकास अधिकारी आणि एक भावी आमदार असतो. पहिल्या दोघांची बदली होते. तिसरा कायम असतो.

आमच्याकडचे भावी आमदार म्हणजे भाऊ. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, पांढरी गाडी आणि दोन मोबाइल. एक सतत कानाला, दुसरा ‘सायबांचा फोन येईल’ म्हणून मोकळा ठेवलेला. वाढदिवसाला एसटी स्टँडसमोर भाऊंचा फ्लेक्स लागतो. खाली शुभेच्छुकांचे पंचवीस-तीस चेहरे असतात. आपण शुभेच्छा दिल्यात हे त्यांतल्या निम्म्यांना फ्लेक्स बघूनच कळतं. फ्लेक्सचं बिल भाऊच देतात, पण ते देताना ‘पोरं ऐकत नाहीत हो’ असं आठवणीनं म्हणतात.

लग्न, साखरपुडा, बारसं, दहावा यांतलं काहीही भाऊ चुकवत नाहीत. दहाव्याला दहा मिनिटं श्रद्धांजली वाहतात. पैकी मयताबद्दल दोन आणि रखडलेल्या पाणी योजनेबद्दल आठ. कावळा शिवायचा थांबतो तो भाषण संपेपर्यंत, असं जाणकार सांगतात.

आमदारकीला पाच वर्षांची मुदत असते, भावी आमदारकीला मुदत नाही. रस्ता का झाला नाही, असं लोक आमदाराला विचारतात. भाऊंना कोणी विचारत नाही, उलट भाऊच लोकांच्या बाजूला उभं राहून विचारतात. या पदाला निधी नाही म्हणून चौकशी नाही आणि पराभवही नाही, कारण भाऊ कधी लढलेलेच नव्हते.

त्यांचा क्रम ठरलेला. आधी ‘इच्छुक’ म्हणून अर्ज. मग पंधरा गाड्या घेऊन मुंबईला मुलाखत. यादी आली की ‘निष्ठावंतावर अन्याय’. मग मंगल कार्यालयात मेळावा, ‘कार्यकर्त्यांचा निर्णय तो माझा निर्णय’, डोळ्यांत पाणी आणि हलगीच्या तालात अपक्ष अर्ज. शेवटच्या दिवशी साहेबांच्या शब्दाखातर माघार. अनामत रक्कम दहा हजार आणि माघार घेतली की तीही परत. इतक्या स्वस्तात इतका मान सोयरिकीतसुद्धा मिळत नाही. वर एखाद्या महामंडळाचा शब्द मिळतो. तसे शब्द भाऊंकडे पुष्कळ जमले आहेत.

२०२४ची विधानसभा तर भाऊंसाठी पर्वणीच होती. दोन्ही आघाड्यांत मिळून सहा मोठे पक्ष आणि जागा २८८च. म्हणजे प्रत्येक जागेमागे एकाला तिकीट आणि बाकीच्यांवर अन्याय. राज्यभरात ४,१३६ उमेदवार उरले, त्यांत निम्मे अपक्ष. त्यात अर्ज भरायची शेवटची तारीख २९ ऑक्टोबर, माघारीची ४ नोव्हेंबर आणि मधे अख्खी दिवाळी. तारखा ठरवताना आयोगानं भाऊंनाच विचारलं असावं, असं आम्हाला वाटलं.

ते दिवस काय वर्णावेत! लक्ष्मीपूजनाला महायुतीचे निरीक्षक आले, पाडव्याला आघाडीचे. चकल्या एकांनी संपवल्या, करंज्या दुसऱ्यांनी. भाऊबीजेला वहिनींच्या माहेरच्यांना बसायला खुर्ची नव्हती, कारण खुर्च्यांवर समजूत काढणारे बसले होते. भाऊ प्रत्येकाला एवढंच सांगत होते, “माझं काही नाही हो. पोरं ऐकत नाहीत.”

४ तारखेला दुपारी तीनपर्यंत माघार घ्यायची होती. भाऊ बारापासून प्रांत ऑफिसच्या आवारात, माघारीचा अर्ज खिशात सही करून तयार. पण तालुकाध्यक्षाच्या विनंतीवर माघार घेणं भावी आमदाराला शोभत नाही, फोन साहेबांचाच हवा. तिकडे साहेबांसमोर राज्यभरातल्या बंडखोरांची यादी. भाऊंचा नंबर लागला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. “साहेब, तुमच्या शब्दाबाहेर मी नाही,” असं भाऊ गहिवरून म्हणाले आणि मग त्यांनी घड्याळ बघितलं.

निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी शांतपणे सांगितलं, “वेळ संपली. आता तुम्ही उमेदवार.”

भाऊ आवारातल्या लिंबाखाली बसले. बाहेर पोरांनी गुलाल उधळला. आयुष्यात पहिल्यांदा पोरांनी खरोखर ऐकलं नव्हतं.

पुढचा घाव चिन्हाचा. मागितलेली तिन्ही चिन्हं हुकली आणि हाती आली फुलकोबी. तिसरी गोष्ट सरकारी. एका मतदान यंत्रावर सोळाच बटणं असतात. पंधरा उमेदवार आणि ‘नोटा’ त्यात बसले असते. भाऊ सोळावे. त्यामुळे प्रत्येक केंद्रावर दुसरं यंत्र आलं आणि त्यावर बटण एकच, ‘नोटा’चं. इलेक्शन ड्युटी लागलेले तालुक्यातले समस्त गुरुजी ती जादा पेटी उचलताना भाऊंचं नाव घेत होते. इतक्या तोंडांनी ते पूर्वी कधी घेतलं गेलं नव्हतं.

प्रचारात खरी अडचण वेगळीच होती. भाऊंचं एकच भाषण पाठ होतं, माघारीचं. सभेत रंग चढला की ‘व्यापक हितासाठी मी थांबतोय’ हे वाक्य आपसूक तोंडात यायचं. दारोदार गेलं की लोक आदरानं चहा द्यायचे आणि विचारायचे, “मागं घेतला ना भाऊ? बरं केलंत.”

आयोगाची खर्चमर्यादा चाळीस लाखांची. कार्यकर्त्यांनी ती तरतूद समजली. निवडणूक शाखेच्या दरपत्रकात चहापासून खुर्चीपर्यंत सगळ्याचे दर होते, पण ढाब्यावर रात्री काय काय होतं याचा रकाना नव्हता. रोजच्या खर्चाची वही वहिनींनी लिहिली. त्या वहीत पहिल्याच पानावर खर्च निरीक्षकांच्या सहीखाली वहिनींचीही सही आहे, आणि ती जास्त ठसठशीत आहे.

२३ नोव्हेंबरला निकाल लागला. अपक्ष राज्यात दोन निवडून आले, त्यांत भाऊ नव्हते. अनामत वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. भाऊंच्या पुढे ‘नोटा’ होता, तोही स्वतंत्र यंत्रासह. पण त्यांना लागलं ते वेगळंच. अपक्षाच्या अर्जावर दहा सूचक लागतात. भाऊंनी दहाही आपल्याच वाडीतले घेतले होते. केंद्रनिहाय आकडे आले, वाडीच्या केंद्रावर मतं सात. दहाही जण येऊन देवाशपथ सांगून गेले. वहिनी तेवढ्या काही बोलल्या नाहीत.

महिनाभर भाऊ दिसणार नाहीत असं वाटलं होतं. पण कोणीतरी सांगितलं, ३० दिवसांत हिशेब दिला नाही तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. भाऊ ताडकन उठले. अनामत गेली तरी भावी राहता येतं, अपात्र माणसाला भावी कसं म्हणणार? आठव्या दिवशीच वही घेऊन ते कचेरीत हजर झाले. कारकुनानं पोच दिली. भाऊंनी ती नीट घडी करून खिशात ठेवली आणि खालच्या आवाजात विचारलं, “साहेब, पुढच्या टायमाला माघारीची वेळ चारपर्यंत नाही का करता येणार?”